टेम्पोचा वाटा

ऑगस्टमधला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. जागा जोगेश्वरी पूर्वेला आमच्या सोसायटीचं तळमजल्यावरचं ऑफिस. विषय एकच : गावच्या देवळाच्या नव्या सभामंडपात देणगीदारांची संगमरवरी पाटी बसवायची, तिच्यावर सगळ्यात वर कोणाचं नाव घालायचं. रक्कम एक लाख एकावन्न हजार रुपये. हजर आम्ही कमिटीचे पाच जण, देणगी देणारा सहावा आणि न बोलावता आलेला सातवा. सातवा चौदा महिने तुरुंगात काढून आला होता.

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा मी नऊ वर्षं खजिनदार आहे. गाव राजापूरच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. घरं एकशे अठरा, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षभर कुलपात असतात. आजोबा-वडिलांच्या पिढीने गिरण्या पाहिल्या. आता कोणी बोरिवलीला, कोणी मुलुंडला, कोणी विम्यात, कोणी हॉस्पिटलात, कोणी रिक्षावर. मी मरोळला एका पॅकिंगच्या कारखान्यात हिशेब लिहितो आणि रविवारी मंडळाचे लिहितो. वर्गणी घरटी वर्षाला दीड हजार. सभामंडपासाठी घरटी दहा हजार, एकदाच.

या वर्गणीला एक शेपूट आहे, ते आधी सांगायला हवं. शिमग्याला देवाची पालखी घरोघर जाते आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, बसते. कुठे थांबायचं ते गावचे मानकरी ठरवतात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात संक्रांत झाली की वर्गणी पूर्ण भरलेल्या घरांची यादी मी मुंबईहून पाठवतो आणि पालखी त्या यादीने फिरते. कोणाला वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे आणि आम्ही कोणाला वाळीत टाकत नाही. यादीत नसलेल्या घरासमोर पालखी थांबत नाही, एवढंच. तिथे खांदेकरी पावलं जरा जलद टाकतात.

अशी दोन वर्षं ज्या घरासमोरून पावलं जलद पडली, ते घर त्या सातव्या माणसाचं. घरात त्याची आई एकटी असते, पंच्याहत्तरीच्या पुढची. तो स्वतः मरोळला एका गाळ्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. जळलेल्या मोटारीतलं तांबं उकलून काढायचं आणि नवं भरायचं हे त्याचं काम. उकललेलं तांबं मालकाचं. ते तांबं थोडंथोडं करून गाळ्याबाहेर जाऊ लागलं. वाहून नेणारा टेम्पो आमच्याच गावच्या माणसाचा. दोघं एका वाडीतले, शाळेत एका बाकावर बसलेले. यापुढे मी त्यांना वाइंडर आणि टेम्पोवाला असंच म्हणेन.

दोघं रापण ओढत मोठे झाले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. सगळी वाडी दोराला लागते आणि मासळी तिथेच वाळूवर वाटली जाते. ओढणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा. होडी काही मासे खात नाही; होडीचा वाटा होडीवाल्याच्या घरी जातो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, आम्हाला वाटत नाही. पण या वाट्यांवरून आमच्या गावात सख्ख्या भावांची बोलणी बंद झालेली आहेत. माझे वडील आणि चुलते जाळ्याच्या अर्ध्या वाट्यावरून अकरा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत, आणि तेव्हा ते जाळं कधीच फाटून संपलेलं होतं.

तांबं विकून आलेले पैसे टेम्पोवाल्याकडे जमा होत होते. वाटणी गणपतीत गावी गेल्यावर करायची ठरली होती. त्याच्या आधीच गाळ्याच्या शेठला संशय आला आणि त्याने टेम्पोवाल्याला केबिनमध्ये बोलावून विचारलं. टेम्पोवाल्याने स्वतःला वाचवण्यासाठी वाइंडरचं नाव सांगितलं, खोलीचा पत्ताही दिला. कपाटामागे बावीस किलो तांबं सापडलं. वाइंडर आत गेला. त्याने टेम्पोवाल्याचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. टेम्पोवाला पुढच्याच वर्षी मंडळाच्या सभेत ताठ चालत आला, एक लाख एकावन्न हजारांची देणगी देऊन टाळ्या घेऊन गेला. पावती मीच फाडली. चेकने दिले होते, मला विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

यातलं बरंचसं मला कळलं ते त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी, संध्याकाळी, आमच्या घरी.

बेल वाजली. बायकोने दार उघडलं. दारात वाइंडर.

"काकी, आत येव की दारातच उभो रव्हू?"

"दारात उभा राहिलास तर अख्खी विंग चौकशी करेल. ये आत."

तो आत आला, वाळला होता, केस बारीक कापलेले. खुर्चीवर बसायच्या आधी टेबलाकडे बघून मला म्हणाला, "काकानू, पाकीट उचला थयसून. नायतर रात्री दोघांकाय झोप लागूची नाय."

बायको हसली. मी पाकीट उचललं. उगाच मोठेपणा दाखवून ते तिथेच ठेवण्यात मला अर्थ दिसला नाही.

चहा झाल्यावर त्याने सरळ विषयाला हात घातला. "माका दोन गोष्टी व्हयेत. माझो वाटो व्हयो. आणि त्येचा तोंड गावासमोर काळा झालेला बघूचा आसा."

"चोरीच्या मालात वाटा मागतोस आणि तोही माझ्याकडे?"

"तुमच्याकडे नाय, मंडळाकडे. देवाक एक लाख एकावन हजार दिल्यान ते खयसून इले? टेम्पोचे तीन हप्ते थकलेले त्येचे. बायकोची चेन गहाण हुती. माका विचारा, मी ठेवूक गेललंय तिच्यावांगडा."

"मग पोलिसांना त्याचं नाव का नाही सांगितलंस?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की हिशेबाच्या माणसाने हा प्रश्न विचारावा याचंच त्याला नवल वाटलं असावं. "नाव घेतलंय असता तर पोलिसांनी पैसे जप्त केले असते. मगे भायर येऊन मी काय मागलंय असतंय? कप्पाळ?"

चौदा महिने तो आपल्या वाट्यावर पहारा करत बसला होता. मित्राला वाचवलं, असं मी समजत होतो.

मी त्याला म्हटलं, हे सगळं खरं धरलं तरी पुरावा काय?

"पुरावो त्येच्याकडेच आसा."

याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. बायकोने मध्येच विचारलं, "आई कशी आहे रे?"  तो म्हणाला, "दोन शिमगे आरतीचा ताट घेऊन खळ्यात उभी रवली, काकी. पालखी समोरसून गेली. पहिल्या वर्षी तिका वाटला, परत येताना थांबतली. दिवो विझेपर्यंत थयच. आता तिसरो शिमगो ती बघतली की नाय, सांगूक येणा नाय. ह्या शिमग्याक पालखी माझ्या खळ्यात बसूक व्हई. मगे मी मेलंय तरी चलात."

मी कागद घेतला. तीन वर्षांची वर्गणी चार हजार पाचशे, सभामंडपाचे दहा हजार, एकूण चौदा हजार पाचशे. "संक्रांतीच्या आत भर. नाव यादीत घालतो. यापलीकडे दुसरी काही अट नाही, कोणी घालू म्हटलं तर मी घालू देणार नाही."

"भरतलंय," तो उठत म्हणाला. "पण माझ्या वाट्यातसून."

बायकोने दार लावलं आणि म्हणाली, "हा रविवारी येणार बघा."

आला. अध्यक्ष पाटीवरचा मजकूर वाचून दाखवत होते. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, बोरिवलीचे. आवाज मोठा आणि गोड. टेम्पोवाला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या समोरच बसला होता. वाइंडर दारातून आत आला, कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि बरोबर टेम्पोवाल्याच्या शेजारी ठेवून बसला.

"तू सभासद नाहीस सध्या," अध्यक्ष म्हणाले. "वर्गणी थकली आहे तुझी."

"तीच भरूक इलंय, आबा."

"मग भर आणि जा. खजिनदार, पावती फाडा."

"पैसे तुमच्याकडे जमा आसत माझे," तो म्हणाला आणि मग माझ्याकडे वळून सभेत बोलायची भाषा त्याने काढली. "ह्याने दिलेली देणगी एक लाख एकावन्न हजार. ते पैसे दोघांच्या धंद्याचे. अर्धे माझे. पंचाहत्तर हजार पाचशे. त्यातून माझी थकबाकी चौदा हजार पाचशे वळती करा. उरले एकसष्ट हजार. ते मला परत द्या."

वजाबाकी बरोबर होती. कमिटीतले मुलुंडचे एक सभासद पहिल्यांदा हसले, मग सगळेच.

"कसला धंदा रे?" एकाने विचारलं.

"चोरीचो. सगळ्यांका म्हायत आसा. मी कोर्टात कबूल केलंय, हय कबूल करूक काय लाज?"

टेम्पोवाला शांत होता. त्याने शर्टाची बाही नीट केली. "आबा, ह्येचा डोक्या फिरला हा आत राहून. माझे पैसे मेहनतीचे आहेत. ह्याच्याकडे काही पुरावा असेल तर दाखवू दे, नाहीतर बाहेर काढा. मी इथे शिव्या खायला देणगी दिलेली नाही."

"खरं आहे," अध्यक्ष म्हणाले.

वाइंडर त्याच्याकडे बघतही नव्हता. माझ्याकडे बघूनच पुन्हा म्हणाला, "अर्धे माझे, काकानू. दोन माणसां हुती, दोन वाटे. सरळ हिशोब. अर्धे त्येचे, अर्धे माझे."

"गप रव्ह," टेम्पोवाला म्हणाला.

"कित्या गप रव्हू? दोन माणसां, दोन वाटे. लहान पोराक इचारा. अर्ध्यार अर्धे."

"अरे, गप रव्ह म्हणतंय ना तुका!"

"आवशीच्यान, अर्धे! निम्मे! मधोमध!"

"अर्धे कशे रे?" टेम्पोवाला खुर्चीवरून उठलाच. "अर्धे कशे? टेम्पोचो वाटो खय गेलो? टेम्पो काय तुझ्या बापाशीचो हुतो? डिझेल माझा, टायर माझे, नाक्यार हवालदाराक पैसे मी देय. होडयेक वाटो आसता आणि टेम्पोक नाय? तीन वाटे! चार लाख चव्वेचाळीस हजाराचे तीन वाटे, तुझो एक. एक लाख अट्ठेचाळीस हजार. त्यातली दमडी मी खाल्लंय नाय. तुझो सगळो वाटो देवाक घातलंय, वर तीन हजार माझ्या पदरचे, आकडो शुभ होवचो म्हणान!"

मुलुंडच्या सभासदांनी अध्यक्षांकडे बघितलं.

वाइंडर सावकाश खुर्चीला टेकला. "म्हणजे सगळेच माझे," तो म्हणाला. "मी उगीच अर्धे मागी हुतंय."

तो मुद्दाम अर्धे म्हणत होता हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तीन वाटे त्यालाही मान्य होते, ते आधीच ठरलेले होते. पण आपल्या गावचा माणूस चोरीचा आळ गिळेल, वाट्याचा चुकीचा हिशेब गिळणार नाही, हे त्याला माहीत होतं. आळ खोटा म्हणता येतो. चुकीचा हिशेब तसाच सोडला, तर तो तसाच चालू राहतो, आणि उद्या गावात लोक म्हणतील टेम्पोला वाटा नसतो. टेम्पोवाल्याने तोंड उघडलं ते तेवढ्यासाठी.

दीड लाखावर एक हजार हा आकडा मीही शुभ म्हणूनच लिहून घेतला होता. त्याच्या पोटात भागाकार असेल, असं मनातही आलं नव्हतं.

टेम्पोवाला खाली बसला.  "खाल्लंय असतंय तर पचला नसता," तो हळू म्हणाला, कोणाकडेही न बघता. आपण याला पकडून दिला याबद्दल तो काही बोलला नाही. वाटा बुडवला नाही, हे मात्र त्याला सगळ्यांना सांगायचं होतं.

मग अध्यक्षांचा गोड आवाज सुरू झाला. घरातली गोष्ट घरात राहावी. पैसे देवाच्या कामाला लागले, कोणाच्या खिशात गेले नाहीत. पाटीवर दोघांची नावं घालू, शेजारी शेजारी. वाइंडरची थकबाकी माफ. पालखी पहिली त्याच्या घरी. "काय रे, झालं समाधान?"

वाइंडर उजळला. त्याला जे हवं होतं ते त्याला मिळत होतं, मागितलं होतं त्याहून जास्त. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ठरावावर सही माझी लागते.

मी म्हटलं, मी सही करणार नाही.

"का?"

"ते पैसे यांचे दोघांचेही नाहीत. गाळ्याच्या शेठचे आहेत. इतके दिवस मला माहीत नव्हतं. आता पाच जणांसमोर कळलं आहे, आता ते माझ्या खात्यात राहू शकत नाहीत. परत द्यायचे."

"देवाला दिलेलं परत?" मुलुंडचे सभासद म्हणाले. "अहो, फरशी बसली त्याची!"

"फरशी देवाला राहू द्या. मंडळाची मुदत ठेव दोन लाख दहा हजार आहे. ती मोडायची."

"तुम्ही हरिश्चंद्राचे कोण लागता?" अध्यक्ष म्हणाले. आवाजातला गोडवा संपला होता.

"कोणी नाही. मी खजिनदार आहे."

सभा तिथेच मोडली. वर घरी जाताना जिन्यात वाइंडरने मला गाठलं. इतका रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. टेम्पोवाल्यावर तो असा रागावला नव्हता. "तुमका मध्ये कोणी घातला? माका सगळा गावला हुता. पाच मिनिटा गप रवला असतात तर माझ्या आवशीच्या दारात पालखी इली असती!"

"अजूनही येईल. चौदा हजार पाचशे भर."

"चोराक काम कोण देता, म्हायत आसा तुमका?"

ते मला माहीत नव्हतं.  तो जिना उतरून गेला.

पुढचे तीन आठवडे मंडळाच्या लोकांचे फोन आले. निम्मे म्हणायचे, गावची अब्रू कशाला काढता. निम्मे म्हणायचे, ठेव मोडली तर पुढच्या वर्षी कळसाचं काय. घाटकोपरच्या एकाने सरळ विचारलं, "शेठ विचारायला आलाय का? नाही ना? मग?" मी प्रत्येकाला एकच उत्तर दिलं : सर्वसाधारण सभा बोलवा, तिथे मी जमाखर्च वाचून दाखवतो आणि ही एक लाख एकावन्न हजारांची नोंद कशी आली तेही वाचून दाखवतो. नंतर लोक म्हणतील तसं. अध्यक्षांना हीच सभा नको होती. बायको म्हणाली, "पोस्ट गेली तर जाऊ दे हो, रविवारी घरात तरी असाल." पण माघार घ्या असं ती म्हणाली नाही.

खरं सांगायचं तर मला शेठची चिंता नव्हती. चिंता होती ती वाइंडरच्या आईची. मी अडून बसलो म्हणून तिच्या दारासमोरून तिसऱ्यांदा पालखी निघून गेली असती, तर मी बरोबर असूनही मला गावात त्या वाटेने जाता आलं नसतं. थकबाकी मी स्वतः भरून टाकावी, असं एकदा मनात आलं. बायकोला बोललो. ती म्हणाली, "त्याला कळलं तर तो पैसे तुमच्या तोंडावर फेकेल, आणि बरोबर करेल." ते मी सोडून दिलं.

गणपतीला गावी जायच्या आधी वाइंडर घरी आला. बसला नाही. खिशातून अडीच हजार काढले. साकीनाक्याला एका वाइंडिंगच्या दुकानात रोजावर लागला होता. मालकाला तुरुंगाचं आधीच सांगितलं होतं. मालक तांबं मोजून देतो आणि संध्याकाळी मोजून घेतो, असं त्याने कसलाही राग न धरता सांगितलं.

"थकबाकीत जमा करा," तो म्हणाला. "आणि एक इचारूचा आसा. पैसे शेठाक परत गेले तर पाटयेवयला त्येचा नाव जाता मां?"

"जाणारच. देणगी नाही तर नाव कसलं?"

"आणि सभेत वाचून दाखवतलात? सगळ्यांसमोर?"

"आकड्यांसकट."

त्याने मान डोलावली. "आबा माका दोघांची नावां घालतंय म्हणतत. रोज फोन करतत. मी रात्री पडल्या पडल्या विचार केलंय, त्येच्या बाजूक माझा नाव. देवळात जो येतलो तो दोघांका एकदम वाचतलो. शंभर वर्सां. माका नको ता. त्येचा जाता तर माझा नको."

"मग वाटा गेला तुझा."

"गेलो तर गेलो. त्येकाय गावूचो नाय मां?"

"नाही."

"मगे झाला," तो म्हणाला. तेवढ्यावर तो गेला. त्याच्यात एकदम काही सुधारणा झाली असं मी म्हणणार नाही. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत म्हटल्यावर त्याने मोठी कुठली ते ठरवलं.

सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर झाली. एरवी पंचवीस माणसं जमत नाहीत, त्या दिवशी खुर्च्या शेजारच्या विंगमधून आणाव्या लागल्या. मी जमाखर्च वाचला. त्या नोंदीपाशी आल्यावर वाइंडर स्वतःच उठला आणि काय चोरलं, कसं नेलं, कोणी नेलं, हे सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "टेम्पोचो वाटो धरलो मां रे?" आणि सगळी सभा हसली. टेम्पोवाला आला होता, मागच्या रांगेत होता. त्या हसण्यावर तो उठला आणि बाहेर गेला. वाइंडर बोलायचं थांबून दाराकडे बघत राहिला, मग खाली बसला. यापेक्षा जास्त काही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

ठराव पास झाला. थोड्या मतांनी, पण झाला. ठेव मोडली. अध्यक्षांनी चेकवर सही करताना पेन दोनदा झटकलं.

चेक घेऊन मी मरोळला गेलो. वाइंडर सोबत आला, पण गाळ्याच्या फाटकाच्या आत यायला तयार झाला नाही. समोर चहाच्या टपरीवर उभा राहिला. शेठ वयस्क होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चेक उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "मंडळाने चोरी केली नाही, मग मंडळ पैसे का देतं?"

"तुमचे आमच्याकडे आले होते."

"आणि बाकीचे?"

"ते आमच्याकडे आलेले नाहीत. ज्याच्याकडे आहेत तो तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावलं होतं."

शेठनी चेक खणात ठेवला. मग चहा मागवला. पुढे त्यांनी टेम्पोवाल्याचं काय केलं ते मला माहीत नाही. त्याचा टेम्पो मरोळच्या नाक्यावर आता दिसत नाही. कोणी म्हणतं विकला, कोणी म्हणतं भिवंडीला चालवतो. मंडळात तो पुन्हा आला नाही.

वाइंडर दर महिन्याला येत राहिला. कधी दोन हजार, कधी साडेतीन. डिसेंबरात एकदा फक्त आठशे आणले, दुकानात काम नव्हतं. मी पावती फाडायचो, तो ती वाचून घडी करायचा. एकदा बायको म्हणाली, "अरे, पाकीट टेबलावर आहे ह्यांचं." तो म्हणाला, "बघितलंय काकी, काय नाय त्येच्यात."

शेवटचे हप्ते संक्रांतीच्या आठवड्यात आले. यादी मी त्याच रात्री टाइप केली. शिमग्याला मी गावी होतो. पालखी त्याच्या खळ्यात आली तेव्हा तो स्वतः खांदा द्यायला लागला होता, त्यामुळे आईच्या बाजूला उभं राहायला त्याला जमलं नाही. तिने ओटी भरली, पण तिला उठून उभं राहता येत नव्हतं, म्हणून खांदेकरी पालखी तिच्या गुडघ्याइतकी खाली घेऊन थांबले. चांगलाच वेळ थांबले.

त्या वर्षीच्या जमाखर्चात या प्रकरणाच्या तीन रकमा आहेत. गाळ्याच्या शेठना चेकने एक लाख अट्ठेचाळीस हजार. टेम्पोवाल्याला चेकने तीन हजार, ते त्याच्या पदरचे होते म्हणून; अध्यक्षांनी विरोध केला, पण चेक गेला आणि वटलाही. आणि जमेच्या बाजूला, वाइंडरकडून सहा हप्त्यांत, घराची थकबाकी म्हणून चौदा हजार पाचशे, पावत्या आईच्या नावाने.